हातीं न लागणारें नाणें

एकत्र कुटुंबांत नवें खेळणें आलें म्हणजे तें एकट्या मुलाचें राहत नाहीं. ज्याच्या नांवानें तें आलें त्याच्या हातांत तें घटकाभर टिकतें. मग मोठीं भावंडें, पाठोपाठ काकू-आत्या, आणि शेवटीं दुपारची वामकुक्षी आटोपून ओटीवर आलेले आजोबा, असा त्याचा प्रवास होतो. भिवंडी तालुक्यांतील दिघाशी येथें आमच्या एका आप्तांच्या घरीं गेल्या दिवाळींत आम्हीं असाच एक प्रवास पाहिला. खेळणें दिसावयास अगदीं साधें होतें. दोन काळ्या बशा तोंडास तोंड लावून ठेवाव्यात तशी एक चपटी डबी, वरच्या बशीच्या मध्यभागीं बांगडीएवढें वाटोळें तोंड, आणि त्या तोंडावर, उघड्या हवेंत, एक रुपयाचें नाणें निवांत बसलेलें.

घरांतील आजींनीं तें उचलण्यासाठीं हात पुढें केला. चिमूट मिटली, पण चिमटींत कांहींच आलें नाहीं. नाणें मात्र बोटांच्या मधोमध जसेंच्या तसें दिसत होतें.

“अगं बाई, हें काय!” आजी म्हणाल्या.

“आजी, तें तिथं नाहींच मुळीं,” नातवानें मोठ्या ऐटींत सांगितलें. “खरं नाणं खालीं, आंत आहे.”

आजींनीं भोंकांतून आंत डोकावून पाहिलें. खरें नाणें तळाशीं पडलेलें होतें. त्या हांसल्या, मागें सरल्या, पुन्हां पाहूं लागल्या. आणि त्यांचा हात पुन्हां पुढें झाला! पहिल्या खेपेस त्या फसल्या यांत नवल नव्हतें. दुसऱ्या खेपेस मात्र त्यांना सर्व ठाऊक होतें. वर्तमानपत्र वाचीत बसलेले काका मान वर न करतां म्हणाले, “जादू आहे ती.” “जादू म्हणजे काय?” असें मुलानें विचारलें, पण त्या प्रश्नाचें उत्तर कोणी दिलें नाहीं. तें उत्तर येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि आजींचा हात दुसऱ्यांदा पुढें कां झाला, याचाही थोडा विचार करावयाचा आहे. कारण तो दुसरा हात पहिल्या हातापेक्षां अधिक शिकविणारा आहे, असें आम्हांस वाटतें.

पळींतलें उलटें घर

या खेळण्याचें मर्म समजून घेण्यास आरंभ देवघरापासून करावा. पूजेची पळी चिंचेनें लख्ख घासून घ्यावी आणि तिच्या खोलगट बाजूंत पाहावें. आपलें तोंड उलटें, म्हणजे कपाळ खालीं व हनुवटी वर, असें दिसेल. पाठीमागची खिडकीही उलटी टांगल्यासारखी दिसेल. आतां तीच पळी पालथी करून तिच्या फुगीर पाठींत पाहावें. तोंड सुलटें होतें, पण इवलेसें होतें, आणि सबंध खोली त्या एवढ्याशा पाठींत मावते. धातु एकच, हात एकच, पाहणारा एकच. बदलला तो केवळ बाक.

आरशाचा कायदा एकच आहे आणि तो मोडलेला कोणीं पाहिलेला नाहीं. किरण पृष्ठभागावर ज्या कोनानें येतो, त्याच कोनानें तो परत फिरतो. सपाट आरशांत सर्व जागीं पृष्ठभागाचें तोंड एकाच दिशेस असतें, म्हणून किरणांची आपापसांतील मांडणी बिघडत नाहीं व आपण आहों तसे दिसतों. पृष्ठभाग वाटीसारखा आंत वळला म्हणजे त्याच्या कडेचे किरण मध्याकडे झुकतात आणि दुरून आलेले किरण आरशासमोर एका ठिकाणीं गोळा होतात. त्या ठिकाणाला नाभि म्हणतात व अशा आरशाला अंतर्गोल आरसा. पृष्ठभाग बाहेर फुगला तर उलट होतें: किरण पांगतात, आणि ते आरशाच्या पाठीमागच्या एखाद्या ठिकाणाहून निघाल्यासारखे भासतात. हा बहिर्गोल आरसा होय.

नाभि किती अंतरावर असते हें सांगणें अवघड नाहीं. स्वयंपाकघरांतील स्टीलच्या डावाची वाटी ४ सेंटीमीटर त्रिज्येच्या गोळ्याचा तुकडा आहे असें धरलें, तर त्याची नाभि तळापासून त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारें २ सेंटीमीटरांवर येते. करंगळीचें टोक डावाच्या तळाशीं नेलें कीं तें सुलटें व फुगलेलें दिसतें. तें हळूहळू मागें घ्यावें, म्हणजे एका क्षणीं प्रतिमा सगळ्या वाटीभर विस्कटते आणि पुढच्याच क्षणीं बोट उलटें होऊन प्रकट होतें. जेथें ती विस्कटली, तेथेंच नाभि होती. मुलांना हा प्रयोग शब्दांनीं सांगूं नये. डाव हातांत द्यावा आणि आपण गप्प बसावें.

आणखी एक प्रयोग खेळण्याच्या अगदीं दाराशीं नेऊन सोडतो. दाढी करतांना चेहरा मोठा दाखविणारा जो आरसा मिळतो, तो अंतर्गोल असतो. दुपारीं खोलींतील इतर दारें-खिडक्या लावून एकच खिडकी उघडी ठेवावी, समोरच्या भिंतीजवळ हा आरसा खिडकीकडे तोंड करून धरावा, आणि त्याच्या पुढें पांढरा कागद मागें-पुढें सरकवावा. एका जागीं त्या कागदावर खिडकीचें, बाहेरच्या झाडाचें, कदाचित् वाळत घातलेल्या धोतराचेंही, उलटें रंगीत चित्र उमटेल. सपाट आरशांतलें चित्र असें कागदावर धरतां येत नाहीं, कारण तेथें किरण खरोखर एकत्र येत नसतात. नुसते तसे भासतात. त्या चित्राला आभासी प्रतिमा म्हणतात. कागदावर उमटलेली ती वास्तव प्रतिमा. तेथें किरण खरोखरच भेटलेले असतात. कागद काढून घेतला तरी किरणांची ती भेट होतच राहते. फक्त ती पाहण्यास डोळा योग्य जागीं हवा.

दोन बशांची जोडी

आतां दिघाशीच्या खेळण्याकडे वळूं. त्यांत दोन अंतर्गोल आरसे एकमेकांकडे तोंड करून बसविलेले असतात. त्यांचा बाक गोळ्याचा नसून अन्वस्ताचा असतो. चेंडू तिरपा फेकला असतां तो हवेंत जी कमान काढतो, ती कमान म्हणजे जवळजवळ अन्वस्तच. या वक्राचा गुण असा कीं त्याच्या नाभीपासून निघालेला प्रत्येक किरण आरशावर आपटून अक्षास समांतर निघतो, आणि समांतर आलेला प्रत्येक किरण नेमका नाभींत पोंचतो. इ. स. पूर्वी सुमारें २०० च्या आसपास डायोक्लीझ या ग्रीक गणितज्ञानें सूर्याग्नि पेटविणाऱ्या आरशांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत या गुणाची सिद्धता आहे. त्याचें मूळ हरवलें आणि तो अरबी भाषांतरामुळें जगला.

खेळणें करणाराची सारी खुबी अंतरांत आहे. वरच्या आरशाची नाभि खालच्याच्या तळावर पडावी व खालच्याची नाभि वरच्याच्या भोंकांत यावी, एवढ्याच अंतरावर ते दोन्ही आरसे बसवितात. नाणें तळाशीं, म्हणजे वरच्या आरशाच्या नाभीपाशीं असतें. तेथून निघालेले किरण वरच्या आरशावर आपटतात आणि समांतर होऊन खालीं येतात. खालचा आरसा त्यांना उचलून आपल्या नाभीकडे, म्हणजे भोंकाच्या तोंडाशीं पाठवितो. तेथें ते पुन्हां भेटतात. नाण्याच्या प्रत्येक ठिपक्याचे किरण आपापल्या जागीं भेटल्यामुळें तेथें सबंध नाण्याची वास्तव प्रतिमा हवेंत तयार होते, तीही मूळ नाण्याएवढीच. आपला डोळा एवढेंच जाणतो कीं किरण या ठिकाणाहून येत आहेत. आणि किरण जेथून येतात तेथें वस्तु आहे, हा तर त्याचा जन्मभराचा नियम!

या मांडणींतून एक हिशेब निघतो, तो मोठ्या मुलांना करण्याजोगा आहे. दोन्ही आरसे कडेस कड लावून बसले असतील, तर डबीची आंतली रुंदी तिच्या आंतल्या उंचीच्या सुमारें २.८ पट असली पाहिजे. २२ सेंटीमीटर रुंदीच्या खेळण्याची उंची ८ सेंटीमीटरांच्या आसपास भरते. पट्टी घेऊन मापावें. गणित व खेळणें एकमेकांशीं प्रामाणिक आहेत असें आढळेल.

आणखी दोन गोष्टी बारकाईनें पाहाव्यात. पहिली, नाण्यावरील अक्षरें. सपाट आरशांत अक्षरें डावी-उजवी होऊन वाचतां येत नाहींत. येथें मात्र तीं वाचतां येतात, फक्त नाणें अर्धा फेरा फिरलेलें असतें. कारण किरण एकदां नव्हे, दोनदां परतले आहेत आणि दुसऱ्या आरशानें पहिल्याची उलटापालट फेडून टाकली आहे. दुसरी गोष्ट विजेरीची. अंधाऱ्या खोलींत त्या हवेंतल्या नाण्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकावा. जेथें कांहींच नाहीं तें नाणें उजळून निघतें! झोतांतील किरण त्याच वाटेनें उलटे आंत जातात, खऱ्या नाण्यास उजळतात आणि परत येतात. आजोबांना पटविण्यास हा प्रयोग सर्वांत उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे.

कपाटांतील धूळ

इतकें जुनें गणित असूनही हें खेळणें मात्र जुनें नाहीं. अमेरिकेंत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेंत, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिस्ट लँड्री नांवाचे एक गृहस्थ साफसफाईच्या कामावर होते. अशी हकीकत सांगतात कीं, तेथील एका कपाटांत शोधदिव्यांचे मोठे अंतर्गोल आरसे रचून ठेवलेले होते. लँड्री त्यावरची धूळ पुसूं लागले, तों धूळ पुसली जाईना. धूळ दिसे, पण फडक्यास लागेना. दुसऱ्या कोणी फडकें झटकून पुढची फळी गांठली असती. यांनीं ती गोष्ट पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक व्हर्जिल एलिंग्ज यांच्या कानीं घातली, आणि प्राध्यापकांनींही ती हांसण्यावारी नेली नाहीं. १९७२ सालीं या युक्तीचें अमेरिकन पेटंट निघालें, त्यावर दोघांचींही नांवें आहेत. पुढें एलिंग्ज यांनीं अणूंएवढे बारकावे दाखविणारीं सूक्ष्मदर्शक यंत्रें तयार करणारी कंपनी काढली; पण मुलांच्या जगांत त्यांचें नांव त्या धुळीमुळेंच राहिलें आहे.

ही हकीकत आम्ही मुद्दाम विस्तारानें दिली. घरांतील मूल किंवा कामास येणारी बाई “हें पुसतां पुसत नाहीं” असें म्हणते, तेव्हां आपण बहुधा “नीट पूस” एवढेंच म्हणतों.

तोच अन्वस्ताचा बाक आपल्या महाराष्ट्रांत फार मोठ्या रूपानें उभा आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यांत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभारली गेली. तबकड्या तारांच्या जाळीच्या आहेत, कारण रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांपेक्षां पुष्कळ मोठी असल्यानें त्यांना ती जाळी अखंड आरशासारखीच वाटते. आकाशांतून समांतर आलेल्या लहरी त्या आरशांवरून परतून नाभीशीं गोळा होतात. डबींतला खालचा आरसा जें काम करतो, तेंच काम ही तबकडी आकाशगंगांसाठीं करते. सुटींत मुलांना जुन्नरकडे नेण्याचा योग आला, तर खेळणें बरोबर घ्यावें.

पेल्यांत उलगडणारें चित्र

वक्र आरशांच्या खेळण्यांचें दुसरें एक घराणें याहून बरेंच जुनें आहे. त्यांत कागदावर कांहींतरी वेडेंवांकडें, ताणलेलें, ओळखूं न येणारें चित्र काढलेलें असतें. मधोमध एक चकचकीत नळकांडें उभें केलें कीं त्याच्या अंगावर तेंच चित्र सुबक होऊन उमटतें. ज्याँ फ्रान्स्वा निसरों या फ्रेंच साधूनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशीं चित्रें काढण्याच्या भूमितीच्या रीति दिल्या आहेत. युरोपांतील दिवाणखान्यांतून हा खेळ पुढें पुष्कळ रमला. पण एके ठिकाणीं तो खेळ राहिला नाहीं. स्कॉटलंडांत स्टुअर्ट घराण्याच्या राजपुत्र चार्ल्स एडवर्ड याच्या बाजूनें १७४५ सालीं झालेलें बंड मोडलें, आणि त्याचें चित्र घरांत ठेवणें धोक्याचें झालें. तेव्हां त्याच्या एका तबकावर नुसते रंगाचे फरांटे ओढलेले असत. विश्वासाचीं माणसें जमलीं म्हणजे त्यावर नळकांडें ठेवावें आणि राजपुत्राचें मुखदर्शन घ्यावें. असें एक तबक फोर्ट विल्यम येथील वस्तुसंग्रहालयांत आजही आहे.

हें खेळणें घरीं करण्यास खर्च नाहीं. सरळ बाजूंचा, खालून वर सारख्या रुंदीचा, चकचकीत स्टीलचा पेला घ्यावा व कोऱ्या कागदावर उभा करावा. कागदाकडे न पाहतां केवळ पेल्यांतील प्रतिबिंबाकडे पाहून एक चौकोन काढावा. हात पुढें जावयाचा तेथें मागें जाईल, डोळा व हात यांचें कडाक्याचें भांडण होईल, आणि मुलें खदखदून हांसतील. चौकोन पुरा झाल्यावर पेला उचलून कागद पाहावा: आडव्या रेघा धनुष्यासारख्या वांकलेल्या असतील. त्याच रीतीनें फूल, मग स्वस्तिक, मग नांव काढावें. मुलींनीं रांगोळीचे ठिपके असे मांडून पाहावेत; आम्हीं पाहिलेल्या एका घरीं पेल्याभोंवतीं काढलेली कमळाची रांगोळी दिवाळीच्या चारही दिवसांत सर्वांत अधिक पाहिली गेली.

जत्रेंतील हसविणारे आरसे याच घराण्यांतले. दिघाशीच्याच तालुक्यांत वज्रेश्वरीची चैत्रांतील जत्रा भरते. तिच्यासारख्या कोणत्याही मोठ्या जत्रेंत कोठें ना कोठें असा तंबू भेटतोच. उभ्या दिशेनें फुगलेला आरसा माणसास बुटकें करतो, उभ्या दिशेनें आंत वळलेला आरसा जवळ उभें राहिल्यास त्यास ताडमाड करतो, आणि दोन्ही बाक एकाच कांचेंत असले कीं पोट एकाचें व मान दुसऱ्याची असा अवतार दिसतो. तेथें पैसे देऊन आपण स्वतःवर हांसतों, ही गोष्ट प्रकृतीस चांगली आहे.

जाणूनही दिसणारें

आतां आजींच्या दुसऱ्या हाताकडे येऊं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वेदांताचें वाचन चालतें, त्यांना दोरीवर भासणारा साप व शिंपींत भासणारें रुपें हे दृष्टान्त ठाऊक आहेत. दिवा आणला, दोरी दिसली, कीं साप जातो. पुन्हां तो दिसूं म्हटलें तरी दिसत नाहीं. तेथें ज्ञान झालें कीं भ्रम संपला. पण शास्त्रकारांनीं भ्रमाचा दुसरा प्रकारही सांगितला आहे. स्फटिकाजवळ जास्वंदीचें फूल ठेवलें म्हणजे स्फटिक तांबडा दिसतो. तो पांढरा आहे हें पक्कें ठाऊक असलें, शंभरदां पारखून घेतलेलें असलें, तरी फूल दूर करीपर्यंत तो तांबडाच दिसणार. पहिला निरुपाधिक भ्रम, दुसरा सोपाधिक. दुसऱ्यांत ज्ञान होतें, पण दिसणें बदलत नाहीं.

डबींतलें नाणें हा दुसऱ्या प्रकारचा भ्रम आहे. आजींना सारें कळलें होतें. परंतु कळलेलें डोक्यांत होतें आणि हात डोळ्यांच्या ताब्यांत होता. येथें “एकदां समजलें म्हणजे झालें” हें उपयोगी पडत नाहीं. प्रत्येक खेपेस, दिसत असतांनाच, आपल्याला स्वतःस आठवण द्यावी लागते. हवेंत तरंगणारी लहानशी मूर्ति दाखवून भाबड्या माणसांकडून दक्षिणा उकळणें या डबीच्या जोरावर कोणाही भोंदूस कठीण नाहीं. पण असा भोंदू एकदां उघडा पडतो. आपला नेहमींचा, रोजचा, कांहीं न मागणारा आभास उघडा पडत नाहीं, आणि म्हणून तो अधिक जपून राहण्याजोगा आहे. त्याचें एक उदाहरण आपल्या दारांत उभें असतें.

दुचाकीचा आरसा

भिवंडी तालुका यंत्रमागांसाठीं पूर्वीपासून ओळखला जातो. गेल्या कांहीं वर्षांत तेथें गोदामेंही फार झालीं, आणि त्यांच्याबरोबर मालमोटारी व लांबलचक कंटेनर वाढले. दिघाशीसारख्या गांवांहून नोकरीसाठीं, कॉलेजासाठीं मुलें-माणसें दुचाकीवरून त्याच रस्त्यांनीं जातात. मागून काय येतें हें पाहण्यास त्यांच्यापाशीं एक लहानसा आरसा असतो, आणि तो पुष्कळदां बहिर्गोल असतो. असण्याचें कारण योग्यच आहे: पळीच्या पाठींत जशी सबंध खोली मावते, तसा या आरशांत रस्त्याचा रुंद पट्टा मावतो. पण त्याची किंमत आपण देतों. त्यांत वस्तु लहान दिसते, आणि लहान दिसलेली वस्तु डोळा दूर समजतो.

किती दूर, तें पाहूं. आरशाची वक्रतात्रिज्या १२० सेंटीमीटर, म्हणजे नाभीचें अंतर ६० सेंटीमीटर धरूं, आणि चालविणाराचा डोळा आरशापासून ६० सेंटीमीटरांवर आहे असें समजूं. मागें २० मीटरांवर मालमोटार आहे. हिशेब केला असतां ती सपाट आरशांतल्यापेक्षां जवळजवळ निम्म्या आकाराची दिसते. म्हणजे डोळ्याच्या मतें ती ४० मीटरांवर आहे. ती आपल्याहून ताशीं ३६ किलोमीटर अधिक वेगानें येत असेल, तर दर सेकंदास १० मीटर जवळ येते. डोळा सांगतो, चार सेकंद आहेत. खरोखर असतात दोनच. वळण घेण्यास, रस्ता ओलांडण्यास, मागें बसलेल्या मुलाला “घट्ट धर” म्हणण्यास त्या दोन सेकंदांचा फरक पुरतो.

पुष्कळ मोटारींच्या आरशांवर, वस्तु दिसतात त्याहून जवळ आहेत, असा इशारा इंग्रजींत छापलेला असतो. तो आपण पहिल्या दिवशीं वाचतों व समजतों, आणि आजींप्रमाणें दुसऱ्यांदा हात पुढें करतों. दोष वाचण्याचा किंवा समजण्याचा नाहीं. आरशांतील ट्रक समजल्यानें मोठा होत नाहीं. तो आयुष्यभर लहानच दिसणार आहे. म्हणून त्यावर उपाय समजुतीचा नसून संवयीचा आहे. आरशांत पाहावें, मग मान वळवून एकदां प्रत्यक्ष पाहावें, आणि मगच वळावें. आरसा कोणत्या जातीचा आहे हें ओळखण्याची परीक्षाही सोपी आहे: गाडी उभी असतांना एखादी वस्तु आधीं आरशांत व मग वळून प्रत्यक्ष पाहावी. प्रत्यक्ष पाहतां ती एकदम मोठी वाटली, तर आरसा बहिर्गोल समजावा.

घरच्यांसाठीं दोन शब्द

असें खेळणें घरीं आणलें तर एक काळजी अवश्य घ्यावी. अंतर्गोल आरसा उन्हांत उघडा ठेवूं नये. सूर्याचे किरण नाभीशीं गोळा झाले म्हणजे कागद, कापूस, पडदा यांस आग लागूं शकते, आणि डोळ्यास तर कायमची इजा होईल. दाढीचा आरसा खिडकींत ठेवण्याची संवय ज्यांना असेल त्यांनींही हें ध्यानांत धरावें. खिडकीचें चित्र कागदावर धरण्याचा प्रयोग ऊन थेट आंत येत नसेल अशा वेळींच, मोठ्या माणसांच्या देखत करावा.

दुसरें असें कीं, मुलाच्या प्रश्नास “जादू” हें उत्तर देऊं नये, आणि लगेच सगळा उलगडाही करूं नये. आधीं पळी द्यावी, मग डाव, मग दाढीचा आरसा, आणि सर्वांत शेवटीं डबी. या क्रमानें गेलेलें मूल भोंकांतून आंत डोकावण्यापूर्वींच नाणें कोठें असावें तें सांगूं लागतें. ज्यांना घरीं हा सरंजाम करणें जमत नाहीं, त्यांनीं मुंबईस जाणें झालें असतां वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रांत एक सबंध दिवस काढावा.

दिघाशीहून आम्ही निघालों त्या सकाळीं वर्तमानपत्रवाले काका कामावर जाण्यासाठीं दुचाकी बाहेर काढीत होते. आदल्या संध्याकाळीं पळी, डाव व पेला घेऊन ओटीवर जो गोंधळ झाला होता, त्यांत त्यांनीं कांहीं भाग घेतला नव्हता. नातू पायरीवर उभा होता. त्यानें दुचाकीच्या आरशांत पाहिलें, मागें वळून गोठ्याकडे पाहिलें, पुन्हां आरशांत पाहिलें, आणि म्हणाला, “काका, हा पळीच्या पाठीचा आरसा आहे. यांतला ट्रक जवळ असतो हं.”

काका हांसले. त्यांनीं गाडी सुरू केली, आरशांत पाहिलें, आणि फाटकाबाहेर पडतांना मान वळवून एकदां मागें पाहिलें.